पिग्मीच्या पिशवीतले आठ हजार

सोलापुरातील विडी कामगारांच्या वस्तीत मी अंगणवाडी सेविका आहे, बालकांच्या वजनापासून पोषण आहारापर्यंतच्या नोंदवह्या वर्षानुवर्षे बिनचूक भरत आले आहे, आणि तरीही एका मल्टीस्टेट, म्हणजे एकाहून अधिक राज्यांत काम करणाऱ्या, पतसंस्थेत माझे व माझ्या आईचे मिळून 1,93,200 रुपये अडकून पडले आहेत. स्वतःपुरते असते तर कदाचित गप्प बसले असते. परंतु माझ्या शब्दावर विसंबून गल्लीतील आणखी 11 बायकांनी 2,86,450 रुपये भरले होते आणि त्यांतील दोघी आता माझ्या दारावरून मान वळवून जातात.

पिग्मी म्हणजे एजंटने दारावर येऊन गोळा केलेली रोजची छोटी बचत, हे आमच्या गल्लीत कोणाला समजावून सांगायला नको. विडी वळणाऱ्या बाईला बँकेत जायचे तर अर्धा दिवस मोडतो, तेवढ्या विड्या कमी होतात आणि आठवड्याच्या मजुरीतून तेवढे पैसे जातात. जनधन खाते असले तरी 50 रुपये भरण्यासाठी रांगेत कोण उभे राहणार? पतसंस्थेचा एजंट मात्र रोज सायंकाळी सात वाजता यंत्र आणि पिशवी घेऊन उंबऱ्यावर हजर असे. एप्रिल 2021 पासून मी दररोज 100 रुपये दिले, एकूण 612 हप्ते, म्हणजे 61,200 रुपये. फेब्रुवारी 2022 मध्ये आईच्या भविष्यनिर्वाह निधीचे 1,40,000 रुपये आले, तेही त्याच संस्थेत 13 महिन्यांसाठी 13 टक्के व्याजाने ठेवले. त्या वेळी टपाल खात्याची पाच वर्षांची ठेव 6.7 टक्के देत होती. जवळजवळ दुप्पट व्याज कोणी कशाच्या बळावर देतो, हा प्रश्न मला पडला नाही असे नाही. तो एजंटला विचारलाही. ‘ताई, बँकेचा खर्च मोठा असतो, आपला नसतो,’ असे त्याने सांगितले आणि ते मला पटले.

खरी ठेच मात्र ऑगस्ट 2022 मध्ये लागायला हवी होती. मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी मी पिग्मीतून 25,000 रुपये मागितले. मुख्य कार्यालयाची मंजुरी यायची आहे, असे सांगत तीन आठवडे गेले. एका शनिवारी, मजुरी वाटपाच्या दिवशी, एजंट घरी आला, ‘सध्या एवढे घ्या’ म्हणाला आणि त्याच संध्याकाळी गल्लीत गोळा केलेल्या पिशवीतून 8,000 रुपये मोजून त्याने माझ्या हातावर ठेवले. त्यात एक लहानशी गड्डी विडीच्या लाल दोऱ्याने बांधलेली होती. आमच्या शेजारच्या अक्का आठवड्याचे 350 रुपये नेहमी तशाच बांधून देतात. तो दोरा, ती गाठ मी ओळखली. अक्कांचा हप्ता संस्थेत पोहोचण्याआधीच माझ्या हातात आला होता. ज्या संस्थेला 25,000 रुपये देण्यासाठी गल्लीची पिशवी उलटी करावी लागते तिच्या तिजोरीत काय असेल, हे कळायला अर्थशास्त्र लागत नाही. पण मुलीच्या प्रवेशाची मुदत सोमवारी संपत होती. मी पैसे घेतले, एजंटला चहा दिला आणि पुढे पाच महिने माझे 100 रुपये देत राहिले. माझ्या जागी दुसरे कोणी असते तर त्याने हेच केले असते, असे मी स्वतःला सांगते. रात्री मात्र तो दोरा आठवतो.

जानेवारी 2023 मध्ये शाखेला कुलूप लागले. आईच्या ठेवीची मुदत भरायला दोन महिने उरले होते.

पोलीस ठाण्यात ‘हा पैशांचा व्यवहार आहे, दिवाणी न्यायालयात जा’ असे सांगून अर्ज ठेवून घेतला, पोचही दिली नाही. पोच घेतल्याशिवाय कोठेही अर्ज देऊ नये, हे त्या दिवशी कळले. सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयात गेलो तर संस्था मल्टीस्टेट आहे, 2002 च्या केंद्रीय कायद्याखाली नोंदलेली आहे, म्हणून दिल्लीच्या केंद्रीय निबंधकांकडे लिहा, असे उत्तर मिळाले. दिल्लीहून चार महिन्यांनी पत्र आले की संस्था स्वायत्त असून ती आपल्या सभासदांना उत्तरदायी आहे. सभासद म्हणजे आम्हीच! खाते उघडताना ज्या कागदावर सही घेतली होती तो नाममात्र सभासदत्वाचा अर्ज होता आणि आमच्यापैकी कोणीही तो वाचला नव्हता. गल्लीत फलक लावायला, शाखा उघडायला, उद्घाटनाला पुढारी आणायला कोणाचीही हरकत नव्हती. पैसे बुडाल्यावर मात्र प्रत्येक टेबलाला आपली हद्द आठवली. या खेट्यांत माझ्या सात रजा आणि रिक्षाभाड्याचे 2,340 रुपये गेले. ज्यांना रजाच नसते त्या बायकांच्या बुडालेल्या मजुरीचा हिशेब कोणी मागितला नाही.

बँकेतील ठेवीला 4 फेब्रुवारी 2020 पासून पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, सहकारी बँकेतील ठेवीलाही आहे. पतसंस्थेतील ठेवीला ते नाही. ‘ठेवीला विमा आहे का, ते लिहून द्या,’ एवढे एक वाक्य मी विचारायला हवे होते. दारावर येऊन बचत गोळा करणारी माणसे टपाल खात्याकडेही असतात, महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेच्या महिला प्रतिनिधी, आणि तेथे महिन्याला 100 रुपयांपासून आवर्ती खाते उघडता येते. याची माहिती मला पैसे बुडाल्यावर मिळाली. आणखी एक: पिग्मीच्या यंत्रातून निघणाऱ्या चिठ्ठीवरची अक्षरे काही महिन्यांत उडून जातात. मिळाल्या दिवशीच तिचे छायाचित्र काढावे. ठेवीची मूळ पावती नूतनीकरणाच्या नावाखाली एजंटच्या हाती देऊ नये. आमच्यातल्या एकीने दिली आणि आज तिच्याकडे पुरावाच नाही.

अखेर एमपीआयडी, म्हणजे ठेवीदारांच्या हितसंरक्षणाच्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला आणि आर्थिक गुन्हे शाखेने ठेवीदारांचे अर्ज भरून घेतले. माझ्या अर्जात मिळालेली रक्कम म्हणून 8,000 रुपये लिहायला लावले आणि ते वजाही केले. अक्कांचा अर्ज मीच भरला. त्या शनिवारचे 350 रुपये त्यांच्या पासबुकात कोठेच नाहीत. चिठ्ठी कोरी झाली आहे, म्हणून ते मागणीत धरता येणार नाहीत, असे टेबलावरच्या साहेबांनी सांगितले. ते पैसे कोठे गेले हे मला माहीत होते. मी अक्कांना अजून सांगितलेले नाही.