आमच्या गेटवरची गार्ड-सेवा : अकरा महिन्यांनंतर

नागपुरात मनीषनगरला आमची ४८ फ्लॅटची सोसायटी. मी तिची सचिव; निवृत्तीआधी कॉलेजात लोकप्रशासन शिकवायचे. अकरा महिन्यांपूर्वी आम्ही एका खासगी एजन्सीचे गार्ड ठेवले. एजन्सीचं नाव देत नाही, कारण जे बिघडलं त्यात आम्हा सभासदांचाही तेवढाच हात आहे.

रात्रपाळीचे काका उमरेडकडचे. त्यांच्या कामाला मी पैकीच्या पैकी गुण देईन. तासातासाला टॉर्च घेऊन फेरी मारतात, पंपरूमचं कुलूप ओढून बघतात, टाकी भरली की मोटर बंद करतात, गाडीची किल्ली डिकीला लटकलेली दिसली तर बेल वाजवून हातात देतात. पार्किंगमधून पेट्रोल चोरीला जायचं, ते थांबलं. काकांनी आजवर एकही चोर पकडलेला नाही, तशी वेळच येऊ दिली नाही. शिअरिंग आणि स्टेनिंग या अभ्यासकांनी १९८० च्या दशकात कॅनडात बसून नेमकं हे मांडलं होतं. त्याआधी खासगी गार्ड म्हणजे पोलिसांचा धाकटा मदतनीस, असं समजलं जाई. हे दोघं म्हणाले, मॉल, मोठी संकुलं अशा जागा वाढल्या, जिथे माणसं सार्वजनिक जागेसारखी वावरतात पण मालकी खासगी असते. तिथली राखण करणाऱ्याचं लक्ष शिक्षेपेक्षा नुकसान टाळण्याकडे असतं. आणि नुकसान कशाला म्हणायचं, हे पैसे देणारा ठरवतो.

हे शेवटचं वाक्य मला मार्चमध्ये लागलं. दुपारी इतवारीहून परतले तर मीटर-रूमला बाहेरून कडी, आत भंगार वेचणारा चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा. पितळी नळाचा तुकडा सापडला म्हणून दोन तास कोंडलेला, पोलिसांना फोनही नाही. दिवसपाळीच्या गार्डला विचारलं, तर रडवेला होऊन म्हणाला, ‘‘मॅडम, साहेबांनीच सांगतलं, धडा शिकवा म्हनून. मी नाही म्हनू शकतो का?’’

कडी मीच काढली. गणवेशामुळे गार्डला तुमच्या-माझ्याहून जास्त अधिकार मिळत नाहीत. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या कलम ४० नुसार सामान्य माणूसही कुणाला पकडू शकतो, पण दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा डोळ्यांसमोर घडला तर, किंवा तो माणूस फरारी घोषित असेल तर. आणि मग उगाच वेळ न घालवता, फार तर सहा तासांत, पोलिसांकडे सोपवायचं. कोंडून धडा शिकवण्याची मुभा त्यात कुठेच नाही.

एजन्सीचा सुपरवायझर दुसऱ्या दिवशी आला आणि गार्ड बदलून देतो म्हणाला. मला ते पटलं नाही. हुकूम देणारे साहेब, म्हणजे आमचेच एक सभासद, घरात, आणि पोट जाणार त्या गार्डचं. केंद्राच्या आदर्श नियमांत गार्डला १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष प्रशिक्षण सांगितलंय. याला दोन दिवस शिकवून गेटवर उभं केलं होतं. इथे एजन्सीचे गुण मी सरळ कापते. शेवटी गार्डने काय करायचं आणि काय करायचं नाही, हे लिहून केबिनमध्ये लावलं, वर अध्यक्षांची आणि माझी सही. कामवाल्या बायांच्या पिशव्या तपासणंही त्याच कागदाने बंद केलं. आमच्या गाड्यांच्या डिक्या कुणी कधी उघडायला लावल्या नव्हत्या.

वर्गात मी जागल्याबद्दल शिकवायचे. गावाची रात्र तो राखायचा, चोराचा माग काढायचा, आणि बलुतं त्याला सगळं गाव द्यायचं. राहायला मात्र बहुतेक ठिकाणी वेशीबाहेर. एप्रिलमध्ये कळलं की आमच्या गार्डना क्लबहाऊसचं बाथरूम वापरायची परवानगी नाही, ते रिकाम्या प्लॉटवर जातात. पत्र्याच्या केबिनमध्ये, ४४-४५ डिग्रीत, बारा-बारा तास. एवढी वर्षं जे शिकवलं ते माझ्याच गेटवर चाललं होतं आणि मला दिसलं नव्हतं, याचं फार वाईट वाटलं.

आता बाथरूम खुलं आहे, कूलर बसलाय. करार वाढवायला मी हो म्हटलंय, पण आठ तासांच्या तीन पाळ्या आणि पूर्ण प्रशिक्षणाची कागदपत्रं या अटींवर. मेंटेनन्स वाढेल म्हणून सातजणांनी लेखी विरोध केलाय. रविवारी मीटिंग आहे, आणि दोन्ही गार्डना मी तिथे खुर्ची देऊन बसवणार आहे.