पेलेटची शेगडी: दहा महिने वापरल्यावर

गेल्या दिवाळीनंतर घेतली. आम्ही नाशिकच्या मखमलाबादला राहतो, मागे मोकळं अंगण आहे. आजोबांचा तांब्याचा बंब गळायला लागला आणि थंडीत ऐन सकाळी लाइट जायची, म्हणून पंख्याची पेलेट शेगडी आणली. पेलेट म्हणजे भुसा दाबून केलेल्या छोट्या कांड्या. सहा माणसांचं आंघोळीचं पाणी रोज, उन्हाळ्यात कुरडयांचा चीक, पाहुणे आले की मिसळीचा कट. काम भरपूर झालं.

जाळ झकास. खालचा वारा पेलेट पेटवतो, वरच्या भोकांतून येणारा वारा निघालेला धूर जाळून टाकतो. भांड्याचं बूड चुलीइतकं काळं होत नाही. पण भोकं मोकळी असतील तरच.

जानेवारीत शेगडी धुरकटायला लागली. मी पंख्याला दोष दिला, दुकानदाराला दोनदा फोन केले. शेवटी शेगडी उपडी करून ठोकली, तर जाळीवरून वीटभट्टीत निघतो तसला कडक खंगर पडला. दोष माझ्या काटकसरीचा होता. मी शेतातल्या भुशाचे स्वस्त पेलेट आणले होते. त्यांत राख जास्त, आणि तिच्यातली सिलिका न् पोटॅश तापून एकजीव होतात. लाकडाच्या भुशाचे पेलेट महाग पडतात, पण मागे राख मूठभरच राहते. आता तेच आणतो.

रोज पाच मिनिटं द्यावीच लागतात. शेगडी पूर्ण गार झाली की राख काढायची, जाळी झटकायची, सायकलच्या जुन्या स्पोकने भोकं टोचायची. पाणी मारायचं नाही, पत्रा गंजतो. पंख्याची पाती पंधरा दिवसांनी कोरड्या ब्रशने पुसतो. जाळ विझला तरी पंखा थोडा वेळ चालू ठेवतो, नाहीतर वर चढलेली धग मोटरला लागते. लाइट गेली तर पॉवर बँक लावतो.

राख गार दिसते, असते असं नाही. एकदा प्लास्टिकच्या बादलीत ओतली आणि बादलीचा तळच गेला. आता झाकणाचा पत्र्याचा डबा ठेवलाय, दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला हात लावत नाही. थोडी राख भांड्यांना लागते. द्राक्षबागेत मात्र टाकत नाही, आमची काळी जमीन आधीच चोपण, आणि राखही क्षारीच. बागेतल्या छाटणीच्या काड्या तोडून शेगडीत घालायचा मोहही आवरा. मी घातल्या, तर शेजारच्या काकू खोकत बाहेर आल्या.

पावसाळ्यात एक पोतं भिंतीला टेकून राहिलं आणि पेलेटचा पुन्हा भुसा झाला. आता पोती फळीवर, भिंतीपासून हातभर लांब, तोंड बांधून.

शेगडी घरात पेटवू नका. धूर दिसत नसला तरी कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो, आणि निफाडकडचा गारठा इथवर पोचला की दारं लावून शेकत बसावंसं वाटतंच.

जाळी मधोमध वाकलीय. कंपनीची जाळी वेगळी विकत मिळेना, म्हणून अंबडच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडे जाड स्टीलची करायला टाकलीय. भोकं मोजून तेवढीच पाडायला सांगितलंय.