वायफायवाली डिजिटल फोटो फ्रेम: आईच्या सत्तराव्या वाढदिवसाला दिली, दोन महिने वापरून लिहितोय

उन्हाळ्याच्या सुट्टीतच आईचा सत्तरावा आला म्हणून आम्ही सगळे, म्हणजे दोन्ही मावश्या, मामा, काका-काकू, आम्ही भावंडं आणि पोरंटोरं धरून १९ जण, चार दिवस एक बंगला भाड्याने घेऊन राहिलो. द्यायचं काय यावर त्याआधी पंधरा दिवस ग्रुपवर काथ्याकूट, कारण आईचं ठरलेलं वाक्य, "काही आणू नका, ठेवायला जागा नाहीये". शेवटी ताईने ही फ्रेम काढली. १० इंची, १२८० बाय ८०० ची स्क्रीन, आपण ॲपमधून फोटो पाठवला की तिथे दिसतो. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, चांगलं-वाईट दोन्ही लिहायचंय.

आमचा गाढवपणा म्हणजे बॉक्स तिथे जाऊन फोडला. बंगल्याचं वायफाय नंबर टाका ओटीपी टाका टाइपचं, आणि फ्रेममध्ये ब्राउझरच नाही तर ते पेज उघडणार कुठे. बरं हॉटस्पॉट देऊ म्हटलं तर तोही दिसेना. मी आणि भाऊजी खोलीला आतून कडी लावून तासभर झटापट करतोय आणि आई दर दहा मिनिटांनी दार वाजवतेय, "काय रे चाललंय तुमचं आत?" शेवटी भाच्याने पाच मिनिटांत सोडवलं. ही फ्रेम वायफायचा फक्त २.४ गिगाहर्ट्झचा बँड पकडते आणि माझ्या फोनचा हॉटस्पॉट ५ च्या बँडवर होता. नव्या आयफोनमध्ये हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्येच 'मॅक्झिमाइझ कम्पॅटिबिलिटी' आहे, ते चालू केलं की २.४ वर येतो, अँड्रॉइडमध्ये बहुतेक फोनवर बँड निवडता येतो. माहिती असतं तर तास वाचला असता.

दुसरं, हिला बॅटरी नाही. म्हणजे चालू फ्रेम हातात देता येत नाही, वायर लागतेच आणि ती आखूड. मग सोफ्यामागच्या प्लगला लावून टेबलावर ठेवली आणि हाताला लागला तो टॉवेल वर टाकला, सगळे जमले की उघडायची असं ठरलं. आई आली, टॉवेल बघितला, "ओला टॉवेल इथे कुणी टाकला?" म्हणत ओढलाच. समोर ती स्वतः, दोन वेण्या घालून सायकलवर, मागे कॅरियरवर धाकटी मावशी. चष्मा कपाळावर सरकवून ती अगदी जवळ गेली आणि तेवढ्यात फोटो बदलला! स्लाइड १० सेकंदांवर होती ना. "गेला?" म्हणाली. बोटाने मागे सरकव म्हटलं तर हात लावेना, डिलीट होईल म्हणून. शेवटी मावशीने सरकवला आणि मग दोघींची जुंपली, आईने घातलेला फ्रॉक खरा कुणाचा यावर. त्या दिवशी मी सगळ्यात आधी स्लाइड एक मिनिटावर नेली, तुम्हीही न्या.

फोटोंची क्वालिटी ठीक. स्क्रीनच एवढीशी असल्यामुळे व्हॉट्सॲपवरून आलेले फोटोही बरे दिसतात, फक्त व्हॉट्सॲप फोटोची मूळ तारीख उडवतं त्यामुळे आमच्या फ्रेममध्ये क्रम पार विस्कटला, म्हणून फोटो फोनवरून थेट ॲपने टाकलेले बरे. अल्बममधले जुने फोटो मोबाइलने काढताना फ्लॅश बंद ठेवा आणि खिडकीजवळ तिरप्या उजेडात काढा, नाहीतर प्रत्येकाच्या तोंडावर चकाकी येते (पहिले चाळीस आम्ही परत काढले). आणि 'फिल' मोड (फोटोने पूर्ण स्क्रीन भरणारा) वापरू नका. फोनचा आडवा फोटो ४:३, स्क्रीन १६:१०, म्हणजे उंचीचा जवळजवळ सहावा भाग वर-खाली मिळून कापला जातो. आमचा मामा सगळ्यात उंच, दोन दिवस प्रत्येक ग्रुप फोटोत तो बिनडोक्याचा. 'फिट' केलं की बाजूला पट्टे येतात पण डोकी शाबूत.

मोशन सेन्सर आहे, खोलीत कुणी नसलं की बंद होते. आयडिया छान, पण रात्री पाण्याला उठलं की भसकन उजेड. आई आता तिथे फडकंच टाकते.

एकूण घ्या, चार स्टार. एक स्टार कापलाय तो ॲपसाठी. ज्याला कोड दिला तो काहीही पाठवू शकतो, मंजुरी वगैरे प्रकारच नाही, आणि काकांना कोड मिळाल्यापासून रोज सकाळी आईच्या फ्रेमवर दव पडलेलं गुलाबाचं फूल आणि 'शुभ सकाळ'. त्यांना ॲपमधून काढायचं बटण परवा सापडलं, पण दाबणार कोण?