टाचेच्या रक्ताची टेस्ट, माझ्याकडून पाच स्टार

धाकटीची न्यूबॉर्न स्क्रीनिंग (नवजात बाळाची जन्मजात आजारांसाठी तपासणी) केली, दुसऱ्या दिवशी टाचेला टोचून कागदावर रक्ताचे थेंब घेतले, जेमतेम मिनिटभर रडली. आठवड्याच्या आत फोन आला, बायोटिनिडेज (शरीराला बायोटिन वापरता यायला लागणारं एन्झाइम) कमी दिसतंय, कन्फर्म करायला या. थोरल्याला हेच होतं पण कळायला सात महिने गेले, झटके यायचे, केस गळून भुवया पण गेल्या आणि सगळे नुसती फिट्सची औषधं बदलत बसले. शेवटी बायोटिन दिलं, साधं व्हिटॅमिन हो, काही दिवसांत झटके थांबले, पण गेलेलं ऐकू येणं परत नाही आलं. धाकटीला लक्षणं दिसायच्या आधीच सुरू केलंय, आयुष्यभर द्यायचंय, पण ती दाराची बेल वाजली की वळून बघते!! रिपोर्ट मात्र किचकट, दर बाळाला हा आजार व्हायची 25 टक्के शक्यता होती हे काउन्सेलरनेच समजावलं.