दुसऱ्याचं कर्ज, नोटीस तुम्हाला: एजन्सीला फोन, सिबिलवर डिस्प्यूट की बँकेला पत्र?

मार्ग निवडण्याआधी हातातला कागद नक्की कोणाचा आहे ते बघा. वसुली एजन्सीचं पत्र, वकिलाच्या लेटरहेडवरची नोटीस आणि न्यायालयाचं समन्स हे तीन वेगळे कागद आहेत. पहिल्या दोघांवर कितीही ठळक अक्षरांत ‘अंतिम सूचना’ छापलेली असली, तरी ती मागणीच असते. समन्सवर न्यायालयाचं नाव, दाव्याचा क्रमांक आणि हजर राहायची तारीख असते. ते आलं असेल तर खालची तुलना बाजूला ठेवा आणि आधी वकील गाठा. समरी सूटमध्ये, म्हणजे झटपट चालणाऱ्या पैसेवसुलीच्या दाव्यात, समन्स मिळाल्यापासून १० दिवसांत हजेरी नोंदवावी लागते. कर्ज आपलं नाही म्हणून आपण गेलोच नाही, तर दावा एकतर्फी निकाली निघतो. लवादाच्या नोटिशीचंही तसंच.

पतसंस्थेच्या कर्जाचा कागद असेल तर जास्त सावध राहा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला निघतो, आणि एकदा तो निघाला की त्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायला एकूण वसुलीपात्र रकमेच्या ५० टक्के आधी भराव्या लागतात. जे कर्ज आपलं नाही त्याची निम्मी रक्कम फक्त ऐकून घ्यावं म्हणून भरायची! म्हणून सुनावणीची नोटीस आली की त्याच तारखेला जाऊन लेखी म्हणणं द्या आणि पोच घ्या. त्याच वेळी शांतपणे आठवून बघा, कधीकाळी कोणाला जामीन राहिला होतात का. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. तशी सही असेल तर ‘कर्ज माझं नाही’ हा बचाव उपयोगाचा नाही.

यातलं काही नसेल आणि एखाद्या बँकेच्या किंवा फायनान्स कंपनीच्या कर्जासाठी पत्रं येत असतील, तर तीन रस्ते आहेत. मी तिन्ही वापरले आहेत, आणि माझा कल कुठे आहे ते वाचताना लक्षात येईलच.

एजन्सीशी बोलणं

नोटिशीवर सर्वांत मोठ्या अक्षरात एजन्सीचा मोबाइल नंबर असतो, म्हणून बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. चूक फक्त नंबरची किंवा पत्त्याची असेल तर काही वेळा एवढ्यावर भागतंही. बंद झालेला मोबाइल नंबर किमान ९० दिवसांनी नव्या ग्राहकाला मिळू शकतो, पण कर्जाच्या अर्जात तो जुन्या माणसाच्या नावानेच राहतो. आधीच्या भाडेकरूची पत्रं तुमच्या दारात येतात तीही अशीच. अशा वेळी ‘या नावाची व्यक्ती इथे राहत नाही’ एवढंच सांगा. स्वतःचं पूर्ण नाव, जन्मतारीख, नोकरीचं ठिकाण सांगायची काहीच गरज नसते.

अडचण अशी की एजन्सीकडे फाइल कायमची नसते. थकीत खात्यांचं वाटप बहुतेक ठिकाणी महिन्यागणिक होतं. या महिन्यात तुमचं म्हणणं समजून घेणारा माणूस पुढच्या महिन्यात त्या यादीवर नसतो, आणि नव्या एजन्सीला मिळते ती बँकेची मूळ यादी, जशीच्या तशी.

दुसरी अडचण बोलण्यातल्या शब्दांची. कॉलनंतर एजंट सिस्टिममध्ये एक शेरा टाकतो: राँग नंबर, डिस्प्यूट, पीटीपी वगैरे. पीटीपी म्हणजे ‘प्रॉमिस टू पे’. वाद टाळायला तुम्ही नुसतं ‘बरं, बघतो, पुढच्या आठवड्यात सांगतो’ म्हणालात तरी त्याचा पीटीपी होऊ शकतो. ‘हजार रुपये टोकन भरा, फाइल बंद करतो’ ही सूचना तर साफ नाकारा. तुमच्या खात्यातून त्या कर्जात एक रुपया जरी गेला, तरी कर्ज तुमचं असल्याचा पुरावा तुम्हीच तयार करून दिलात. ‘व्हेरिफिकेशनसाठी’ आधार-पॅनचे फोटो व्हॉट्सॲपवर मागितले तरी देऊ नका. नामसाधर्म्याचा घोळ असेल तर त्या नोंदीला तुमचा पॅन तोपर्यंत चिकटलेलाही नसतो. तो चिकटवायला आपणच मदत कशाला करायची?

कर्जवसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. नातेवाइकांना, सहकाऱ्यांना छळणंही चालत नाही. असे फोन येत असतील तर तारीख, वेळ आणि नंबर लिहून ठेवा. पुढे पत्रात हेच कामाला येतं.

सिबिलवरचा डिस्प्यूट

घरबसल्या होतो, फुकट आहे, फारसा वेळ लागत नाही, म्हणून हा रस्ता लोकप्रिय आहे. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही संस्थांनी (क्रेडिट ब्युरोंनी) वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत द्यायचा असतो. तो काढणं आवश्यकच आहे, कारण कर्ज खरोखर तुमच्या नावावर चढलंय की नुसताच पत्ता चुकलाय, हे त्यातूनच समजतं. रिपोर्टमध्ये ते खातं दिसलंच नाही तर निम्मा प्रश्न सुटला. दिसलं तर त्या खात्यासमोर मालकीचा डिस्प्यूट, म्हणजे ‘हे खातं माझं नाही’ अशी हरकत, नोंदवता येतो. तक्रार ३० दिवसांत निकाली काढायची असते. त्यातले २१ दिवस कर्ज देणाऱ्या संस्थेचे. मुदत उलटली तर दिवसाला १०० रुपये भरपाई. हा नियम २०२४ च्या एप्रिलपासून लागू आहे आणि त्यामुळे उत्तरं वेळेवर यायला लागली, हे मान्य करायला हवं.

पण ते उत्तर काय येतं, याच मुद्द्यावर माझं मत फिरलं.

ब्युरो स्वतःहून नोंद बदलत नाही, बदलू शकत नाही. तो तुमचा डिस्प्यूट कर्ज देणाऱ्या संस्थेकडे पाठवतो. तिथला डेटा विभाग आपल्या सिस्टिममधलं नाव, पॅन आणि जन्मतारीख रिपोर्टशी ताडून बघतो. जुळलं की उत्तर ठरलेलं: ‘संस्थेच्या नोंदीनुसार माहिती बरोबर आहे.’ डिस्प्यूट बंद. आता जरा विचार करा. तुमच्या पॅनची कॉपी वापरून कोणीतरी कर्ज काढलं असेल, तर पॅन जुळणारच आहे. तो जुळतो म्हणून तर कर्ज मंजूर झालं! ज्या नोंदीवर आपला आक्षेप आहे, ती खरी आहे का हे त्याच नोंदीला विचारून ठरवायचं, असा हा प्रकार. पुन्हा डिस्प्यूट टाका, पुन्हा तीच ओळ. विनंती फेटाळल्याचं कारण कळवायला हवं असा नियम आहे आणि कारण कळवलंही जातं: ‘नोंदी जुळतात.’ तुमचं म्हणणं कुणी वाचलं की नाही, याचा मागमूस लागत नाही.

या सगळ्यात एक प्रश्न कोणीच विचारत नाही: पैसे कोणत्या खात्यात जमा झाले?

एवढ्या एका प्रश्नाने बहुतेक प्रकरणांचा उलगडा होतो. पॅनची कॉपी कोणाच्याही हाती लागू शकते, पण कर्जाची रक्कम कुठल्यातरी खात्यात जावीच लागते, आणि त्या व्यवहाराचा यूटीआर, म्हणजे ओळख क्रमांक, संस्थेकडे असतोच. ते खातं तुमचं नसेल तर ‘नोंदी जुळतात’ या वाक्याला काही अर्थ उरत नाही. ब्युरोच्या फॉर्ममध्ये मात्र हा प्रश्न संस्थेला विचारायला जागाच नाही.

बँकेला लेखी तक्रार

याच कारणाने, थोडं जास्त काम असूनही, मी थेट कर्ज देणाऱ्या संस्थेला पत्र लिहिण्याकडे झुकतो. शाखेला किंवा कस्टमर केअरला लिहू नका. संस्थेच्या वेबसाइटवर तक्रार निवारण विभागात नोडल अधिकाऱ्याचं नाव आणि पत्ता असतो, त्यांना लिहा. ईमेल करा आणि तेच पत्र पोस्टानेही पाठवा. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, तेव्हा काउंटरवर नोंदणीसह स्पीड पोस्ट आणि पोहोच मागा. ईमेलला येणारा तक्रार क्रमांक जपून ठेवा.

पत्र एका पानाचं पुरे. सुरुवातीला नोटिशीचा संदर्भ क्रमांक, तारीख आणि त्यावर छापलेला कर्ज खाते क्रमांक. मग सरळ चार वाक्यं: या कर्जासाठी मी अर्ज केलेला नाही, कोणत्याही करारावर सही किंवा ई-सही केलेली नाही, रक्कम मला मिळालेली नाही, मी जामीनदारही नाही. ‘माझ्या कर्जाबाबत’ असा विषय चुकूनही लिहू नका, ‘माझ्या नावे दाखवलेल्या कर्जाबाबत’ असं लिहा. तडजोड, हप्ते, सवलत हे शब्द पत्रात नकोत. कर्ज असल्याची लेखी, सहीनिशी कबुली मुदतीत दिली गेली तर मुदतीच्या कायद्यातली दावा लावायची तीन वर्षं नव्याने मोजायला सुरुवात होते. तुमच्या पत्रातल्या सैल वाक्याची कोणी कबुली करू नये, एवढ्यासाठी ही काळजी.

त्यानंतर मागण्या. अर्जाची आणि केवायसी कागदांची प्रत, कराराची प्रत, ओटीपी ज्या मोबाइलवर गेला तो नंबर, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे रक्कम जमा झालेलं खातं व यूटीआर. दुसऱ्याच्या खात्याचा तपशील म्हणून पूर्ण क्रमांक द्यायला संस्था कां-कूं करते, पण ‘ते खातं माझ्या नावावर आहे का, एवढं तरी लेखी कळवा’ ही मागणी टाळणं अवघड जातं. तपास होईपर्यंत एजंट पाठवू नयेत आणि चारही ब्युरोंकडची नोंद दुरुस्त करावी, हेही त्यातच लिहा. दुरुस्तीची मागणी असली की ३० दिवसांची मुदत या पत्रालाही लागू होते. पॅनचे शेवटचे चार अंक पुरतात. आधार मागितलंच तर मास्क केलेलं, म्हणजे शेवटचे चारच अंक दिसणारं, द्या.

या रस्त्याची गैरसोयही सांगायला हवी. पहिलं उत्तर बऱ्याचदा ठोकळेबाज येतं, दुसऱ्यांदा लिहावं लागतं. तोवर फोन थांबतीलच असं नाही. पण इथे ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपालाकडे सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर विनाशुल्क तक्रार करता येते, आणि तिथे पहिली अट हीच असते की आधी संस्थेकडे लेखी तक्रार केलेली हवी. म्हणजे पत्र वाया जात नाही, पुढच्या पायरीला तेच लागतं. एजन्सीशी झालेली फोनाफोनी तिथे कामाची नाही. पतसंस्था मात्र लोकपालाच्या कक्षेत येत नाहीत. त्यांच्यासाठी सहकार खात्याचे उपनिबंधक किंवा सहायक निबंधक.

वकिलामार्फत नोटीस द्यावी का? रक्कम मोठी असेल, किंवा गृहकर्जासाठी तुमचा रिपोर्ट आत्ताच स्वच्छ हवा असेल, तर जरूर. मात्र लोकपालाकडे वकिलामार्फत तक्रार चालत नाही, ती स्वतः करावी लागते. म्हणून वकील लावला तरी पहिलं पत्र स्वतःच्या सहीने गेलेलं असू द्या.

पॅनचा गैरवापर झाल्याची चिन्हं असतील तर पोलिसांत तक्रार टाळू नका. सायबर क्राइम पोर्टलवर किंवा १९३० वर नोंद करा आणि पोचपावती पत्राला जोडा. ओळख चोरीसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६सी आणि तोतयेगिरी करून फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१९ आहे. तक्रारीत ती नमूद केली की ‘हा तुमचा आणि बँकेचा आपसातला वाद आहे’ असं सांगून परत पाठवणं जरा कठीण होतं. बऱ्याच संस्था ही पावती पाहिल्याशिवाय फसवणुकीचा तपासच सुरू करत नाहीत.

तेव्हा निवड करताना: चूक फक्त नंबर-पत्त्याची आणि रिपोर्ट कोरा असेल तर एजन्सीला एक फोन आणि बँकेला एक ईमेल बहुधा पुरेल. नामसाधर्म्याचा घोळ असेल, म्हणजे जन्मतारीख किंवा पॅन जुळतच नसेल, तर ब्युरोचा डिस्प्यूट खरंच चांगलं काम करतो आणि लवकर करतो. पॅन जुळत असेल तर मात्र तिथे महिना घालवू नका. डिस्प्यूट हवा तर त्याच दिवशी टाका, पण भिस्त पत्रावर ठेवा.

शेवटी बँक राजी झाली की काय हातात घेताय तेही बघा. ‘कर्ज खाते बंद’ असं पत्र किंवा ‘सेटल्ड’ असा शेरा स्वीकारू नका. दोन्हींचा अर्थ कर्ज तुमचंच होतं असा होतो, आणि ‘सेटल्ड’ तर पुढच्या प्रत्येक कर्ज अर्जाच्या वेळी आडवा येतो. ‘या कर्जाशी आपला संबंध नाही, आपल्या नावावरून नोंद काढली आहे’ असं वाक्य लेखी मागा. महिन्याभराने चारही ब्युरोंचे रिपोर्ट पुन्हा काढा, नुसतं सिबिल बघून थांबू नका. एका ठिकाणी काढलेली नोंद दुसरीकडे तशीच राहिलेली असू शकते, आणि पुढची बँक कोणता रिपोर्ट उघडेल ते आपल्या हातात नसतं.