पीएचडी अर्जाचं 'फुल पॅकेज': स्कॅनिंगला पैसे द्या, प्रपोजलला नको

नीट-सीईटीचे अर्ज भरून देणाऱ्या बेळगावातल्या ऑनलाइन सेंटरांत हल्ली 'पीएचडी फुल पॅकेज'ही मिळतं. अर्ज भरणं, कागदपत्रं स्कॅन करणं, एसओपी (अर्जासोबतचं उद्देशपत्र), रिसर्च प्रपोजल (संशोधनाचा आराखडा), शिफारसपत्रांचे नमुने, सगळं एकरकमी. क्लिनिकल (रुग्णांशी संबंधित) आणि कम्युनिटी (वस्तीपातळीवरच्या) सायकॉलॉजीच्या पीएचडीला अर्ज करणाऱ्यानं ते घ्यावं का? अर्धंच घ्यावं. दुकानाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही, कारण मामला एका दुकानाचा नाही.

आधी जमेची बाजू. स्कॅनिंग ही पोरं चोख करतात. एसएसएलसी म्हणजे दहावीपासून एमएपर्यंतची मार्क्स कार्डं सरळ, कडा न कापता, ठरलेल्या केबीत बसवून एका पीडीएफमध्ये देतात. मार्क्स कार्डाची मागची बाजूही स्कॅन करायला सांगा. श्रेणी कशी ठरते ते बऱ्याचदा तिथंच छापलेलं असतं आणि परदेशी विद्यापीठाला नेमकं तेच पाहायचं असतं. फोटो-सहीचं कामही इथंच उरकावं.

नावाचा घोळ मात्र सेंटरवाल्यांच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे एसएसएलसीच्या कार्डावर आद्याक्षरं, आधारवर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव, पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. सेंटरवाला हातात येईल त्या कागदावरून नाव टाकतो. परदेशी अर्जात पासपोर्टवरचंच नाव घालायचं आणि 'आधीची नावं' असा रकाना असेल तिथं मार्क्स कार्डावरचं लिहायचं. देशातल्या अर्जात ती संस्था कुठला कागद मूळ धरते ते माहितीपुस्तकात पाहायचं, आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून ठेवायचं.

दुसरी खोड जास्त महागात पडते. खातं उघडताना सेंटरवाले स्वतःचा ईमेल आणि मोबाइल नंबर देतात, म्हणजे ओटीपी त्यांच्याकडे, मुलाखतीचं पत्रही त्यांच्याकडेच. सीझनमध्ये शंभर अर्जांच्या गर्दीत तुमचं पत्र कोण शोधणार? ईमेल, नंबर, पासवर्ड तिन्ही आपलेच हवेत.

जातीच्या दाखल्यातही हीच घाई. नाडकचेरीतून, म्हणजे स्थानिक महसूल कार्यालयातून, मिळणारा २ए किंवा ३बी या कर्नाटकातल्या मागास प्रवर्गांचा दाखला राज्याच्या आरक्षणासाठी. निम्हान्स या बेंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेसारख्या केंद्रीय संस्थेला केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी नॉन-क्रीमी लेअर दाखला लागतो, आणि जात केंद्रीय यादीत आहे का ते आधी बघावं लागतं. राज्याचा दाखला अपलोड झाला, तरी पडताळणीला अर्ज अडकतो.

नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे गुण भरतानाही तारीख पाहा. जून २०२४पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो. जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळालेली नसेल, म्हणजे दुसऱ्या किंवा तिसऱ्या गटात असाल, तर पीएचडी प्रवेशासाठी ते गुण एकच वर्ष चालतात. निवडीत नेटला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन.

आता पॅकेजमधली सगळ्यात मोठी थाप: 'पीएचडी झाली की तुम्ही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट.' नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७मधली क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या भारतीय पुनर्वास परिषदेनं, म्हणजे आरसीआयनं, मान्य केलेल्या पात्रतेवर उभी आहे. नुसत्या मानसशास्त्राच्या पीएचडीनं ती नोंदणी मिळत नाही. रुग्ण तपासायचे असतील, तर आधी आरसीआयमान्य क्लिनिकल अभ्यासक्रम. शिकवायचं, संशोधन करायचं, वस्तीपातळीवर काम करायचं असेल, तर पीएचडी योग्य. हे न सांगता फी घेणं म्हणजे गिऱ्हाइकाला चुकीच्या एसटीत बसवणं.

आणि प्रपोजल. नमुना जवळपास ठरलेला: 'बेळगाव शहरातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमधील ताण', नमुनासंख्या ३८४, साधन पीएचक्यू-९, म्हणजे नैराश्य मोजणारी प्रश्नावली. ही ३८४ कुठून आली हे लिहून देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. मोठ्या लोकसंख्येत एखाद्या गोष्टीचं प्रमाण किती, हे ९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्के त्रुटी धरून मोजायचं असेल, तर हा आकडा येतो. प्रमाण माहीत नसताना ते निम्मं धरतात, म्हणून तो इतका मोठा. दोन गटांची तुलना किंवा समुपदेशनाचा परिणाम तपासायचा असेल, तर हिशेब वेगळा: किती फरक पकडायचा, त्यावर संख्या ठरते. मुलाखतीत पहिला प्रश्न इथंच येतो आणि उमेदवार गप्प बसतो.

पीएचक्यू-९ वाईट साधन नाही. नऊ प्रश्न, ० ते २७ गुण, १० किंवा जास्त आले की पुढची तपासणी. पण नववा प्रश्न मरणाच्या, स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. कोणी तिथं 'हो' म्हटलं तर त्याच दिवशी त्याच्याशी कोण बोलणार, धारवाडच्या डिमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत पाठवणार की टेली-मानस हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर जोडून देणार, हे प्रपोजलमध्ये हवं. नमुन्यात एक ओळही नसते. नैतिक समिती एवढ्यावरून फाइल परत पाठवू शकते.

भाषेचा मुद्दाही तसाच गाळलेला. खानापूरच्या बाईला प्रश्नावली मराठीत द्यायची की कानडीत? घरी मराठी, शाळेत कानडी, बाजारात दोन्ही, अशी माणसं आपल्याकडे घरोघरी. 'उदास' हा पुस्तकी शब्द तिला आपला वाटेल, की 'जीव लागत नाही' म्हटल्यावर ती बोलेल? भाषांतर, उलट भाषांतर (ते पुन्हा मूळ भाषेत आणून ताडून पाहणं) आणि थोड्या लोकांवर चाचणी या तिन्ही पायऱ्या वेळापत्रकात दिसायला हव्यात. कम्युनिटी सायकॉलॉजीचा अर्ज खरा इथंच जिंकता येतो, आणि ही माहिती सीमाभागातल्या उमेदवाराकडे फुकट असते. शिवाय कर्नाटकातून अर्ज करताना बळ्ळारीचा उल्लेख नसेल तर परीक्षक भुवया उंचावतात. निम्हान्सनं १९८०च्या दशकात त्या जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांमार्फत मानसोपचार पोचवून पाहिले आणि त्याच धर्तीवर १९९६मध्ये देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला.

अमेरिकेच्या अर्जात पॅकेज साफ नापास. ६० टक्क्यांना २५ने भागून '२.४ जीपीए' भरतात. आपल्याकडचा फर्स्ट क्लास तिथं काठावरचा विद्यार्थी दिसतो. टक्केवारी आहे तशीच द्यावी, रूपांतर मूल्यांकन संस्था करते. त्यासाठी ट्रान्सक्रिप्ट पदवी देणाऱ्या विद्यापीठातून लागतं: राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१०चं, त्याआधीची पदवी असेल तर बहुधा धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाची फेरी. शिफारसपत्रासाठी सरांच्या नावानं जीमेल खातं उघडून देणं ही तर सरळ फसवणूक. पोर्टल लिंक सरांच्या ईमेलवर पाठवतं, शक्यतो कॉलेजचाच पत्ता द्यावा. एसओपीही विकतची नको. तिथं बऱ्याच क्लिनिकल पीएचडींमध्ये एक मार्गदर्शक आपल्यासाठी विद्यार्थी निवडतो, त्यामुळे त्यांच्या कामाशी तुमचा प्रश्न कुठं जुळतो हे नेमकं लिहावं लागतं. 'लहानपणापासून लोकांना मदत करायची आवड' या वाक्यानं काही जुळत नाही.

शेवटच्या दिवसाचा हिशेब सेंटरवर सोडू नका. १ डिसेंबरची मुदत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेनं रात्री ११:५९ला संपत असेल, तर आपल्याकडे २ डिसेंबरचे सकाळचे १०:२९ वाजलेले असतात. सेंटरचं शटर दहाला वर गेलं तर हातात अर्धा तास, त्यात करंट गेला तर तोही नाही. स्कॅन आठवडाभर आधी पेनड्राइव्हवर घ्या, सबमिटचं बटण घरी दाबा आणि पावतीची पीडीएफ स्वतःच्या मेलवर आली का ते बघा.