परिवेश पोर्टल: अभयारण्यालगत घर बांधणाऱ्याला कितपत उपयोगी?

पर्यावरण, वन आणि वन्यजीव परवानग्यांचे अर्ज एकाच ठिकाणी भरता यावेत म्हणून केंद्राने ऑगस्ट २०१८ मध्ये 'परिवेश' सुरू केलं. रस्ता, खाण, धरण अशा प्रकल्पांसाठी ते बनलंय. दहा-वीस गुंठ्यांत घर बांधणाऱ्याने त्याचा उपयोग जमीन नेमकी कुठे बसते हे बघण्यापुरता करावा. तेवढ्यासाठी ते खरोखर चांगलं आहे. नकाशाला ५ पैकी ४ गुण, मार्गदर्शनाला २.

इथे सगळं केएमएल फाइलवर, म्हणजे जमिनीची हद्द नकाशावर दाखवणाऱ्या फाइलवर, अवलंबून असतं आणि बहुतेक चुका तिथेच होतात. उपग्रहचित्रात दिसणारा बांध गिरवून हद्द काढू नका. बांध सरकलेले असतात. भूमी अभिलेखकडून मोजणी करून 'क' प्रत (मोजणीचा नकाशा) घ्या आणि त्यावरचे कोपरे गुगल अर्थमध्ये बहुभुज म्हणून काढा. नुसती रेघ काढली तर क्षेत्रफळ येत नाही. अक्षांश-रेखांश हाताने टाकत असाल तर केएमएलमध्ये आधी रेखांश, मग अक्षांश लिहायचा. उलट टाकले तर जमीन भलतीकडेच दिसते. शेवटी बहुभुजाचं क्षेत्र सातबाऱ्यावरच्या हेक्टर-आरशी ताडून पाहा.

कोणत्या परवानग्या लागतील ते सांगणारी पोर्टलवरची 'नो युअर अप्रूव्हल' ही सोय मात्र जपून वापरा. बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते ती २०,००० चौरस मीटर बांधीव क्षेत्रापासून पुढे. त्यामुळे शेतघराला ती लागत नाही, हे उत्तर बरोबरच आहे. पण त्याचा अर्थ 'काहीच लागत नाही' असा लावून लोक पाया खणायला घेतात आणि फसतात. इको-सेन्सिटिव्ह झोनचे, म्हणजे अभयारण्याभोवतीच्या निर्बंध असलेल्या पट्ट्याचे, नियम वेगळे असतात आणि ते प्रत्येक अभयारण्याच्या स्वतंत्र अधिसूचनेत दिलेले असतात. झोनची रुंदीही सगळीकडे सारखी नसते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवती ती कुठे १०० मीटर आहे, तर कुठे ४ किलोमीटर. म्हणून राजपत्रातली अधिसूचना उतरवून घ्या, परिशिष्टातल्या गावांच्या यादीत आपलं गाव शोधा आणि अंतर घरापासून नव्हे, जमिनीच्या सर्वांत जवळच्या कोपऱ्यापासून मोजा.

या अधिसूचनांमध्ये सहसा अभयारण्याच्या हद्दीपासून १ किलोमीटरच्या आत (झोन त्याहून अरुंद असेल तर त्याच्या कडेपर्यंत) नवं व्यावसायिक बांधकाम बंद असतं. स्थानिक रहिवाशांना स्वतःच्या जमिनीवर राहण्यापुरतं बांधायला मुभा असते. शनिवार-रविवार भाड्याने द्यायच्या कॉटेजना ही मुभा लागू होईल असं धरून चालू नका. झोनसाठी नेमलेली संनियंत्रण समिती आणि बांधकाम परवानगी देणारं कार्यालय, दोन्हीकडे विचारा, तेही लेखी.

वन्यजीव मंजुरीचा खरा अर्ज लागतो तो पोचरस्ता किंवा वीजवाहिनी अभयारण्यातून न्यायची असेल तेव्हा. त्याचा पहिला भाग अर्जदाराने भरायचा. पुढचे भाग उपवनसंरक्षकांपासून राज्य सरकारपर्यंत चढत जातात. मग राज्य वन्यजीव मंडळ, त्यानंतर राष्ट्रीय मंडळाची स्थायी समिती. एका घरासाठी या वाटेला जाण्यापेक्षा अभयारण्याबाहेरून रस्ता मिळेल अशीच जमीन बघावी.

दोन गोष्टी मात्र पोर्टलवर कळत नाहीत. एक, सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यातला वनाचा शेरा. कोकणात आणि घाटमाथ्यावर जमीन घेताना तो आधी वाचा. खाजगी वन (खाजगी मालकीची, पण कायद्याने वन ठरलेली जमीन) निघालं तर प्रश्न वन्यजीवांचा न राहता वन मंजुरीचा होतो. दुसरी गोष्ट प्रत्यक्ष जमिनीवरची. पक्ष्यांची किंवा सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी-घरटी मोडणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार शिकारीतच मोडतं आणि त्याला झोनच्या आत-बाहेरचा फरक नाही. घोरपड वारुळात अंडी घालते. जेसीबी बोलावण्याआधी वारुळं, दगडांच्या राशी आणि जुनी झाडं पायी फिरून बघा. घोरपड किंवा अजगर दिसला तर काम थांबवून वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.